जुनी जपानी त्सुबा कशी पाहावी, पारखावी आणि जपावी

जपानी तलवारीच्या पात्याच्या आणि मुठीच्या मध्ये बसवलेल्या धातूच्या चकतीला त्सुबा म्हणतात. मूठ धरलेला हात पात्यावर घसरू नये, समोरच्याचा घाव बोटांवर येऊ नये आणि तलवारीचा तोल साधावा, हे तिचे मूळ काम. कमरेला लावायच्या मोठ्या तलवारीची, म्हणजे कतानाची, त्सुबा साधारण ७ ते ८.५ सेंटिमीटर व्यासाची असते. वाकिझाशी या आखूड तलवारीची त्याहून लहान असते. जाडी बहुधा ३ ते ६ मिलिमीटरांच्या दरम्यान भरते. एवढ्याशा जागेत जपानी कारागिरांनी काही शतके लोखंड, तांबे, चांदी आणि सोने यांच्यावर जे काम केले, त्याला धातुकलेच्या इतिहासात फार वरचे स्थान आहे.

पहिल्यांदा त्सुबा पाहणाऱ्याची नजर साहजिकच चित्रावर जाते: लाटांवरचा ड्रॅगन, चेरीची फुले, पावसातला बगळा. पारख करायची असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी धातू पाहावा, मग मधले छिद्र, मग कड, मग हत्याराच्या खुणा, आणि चित्राकडे सर्वांत शेवटी वळावे. चित्राची नक्कल करणे सोपे असते, परंतु ठोकून घडवलेल्या लोखंडाचा पोत आणि शेकडो वर्षांत त्यावर जमलेला रंग यांची नक्कल करणे अतिशय कठीण असते. पुढे जे सांगितले आहे त्याचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे.

हातात घेण्याची रीत

टेबलावर मऊ सुती कापडाची घडी पसरावी आणि त्सुबा तिच्यावरच हाताळावी, म्हणजे हातातून निसटली तरी इजा होणार नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि त्सुबा नेहमी कडेने धरावी. सपाट पृष्ठभागाला बोटे लावू नयेत. लोखंडी त्सुबेला स्वच्छ कोरड्या हाताचा स्पर्श फारसा बाधत नाही, पण काळ्या किंवा करड्या रंगाच्या मिश्रधातूवर घामाचा ठसा उमटला तर तो कायमचा राहू शकतो, म्हणून तशा त्सुबेसाठी हातमोजे वापरावेत. छतावरच्या पांढऱ्या प्रकाशात पृष्ठभाग सपाट दिसतो. खिडकीतून येणारा किंवा एकाच दिव्याचा तिरपा प्रकाश घ्यावा आणि त्सुबा हळूहळू फिरवत पाहावी. दहा पट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग जवळ असावे. त्याहून जास्त क्षमतेच्या भिंगाची गरज क्वचितच पडते.

सरळ बाजू कोणती हेही आधी ठरवावे. मधले उभे छिद्र एका टोकाला निमुळते आणि दुसऱ्या टोकाला रुंद असते. निमुळते टोक पात्याच्या धारेकडचे असते आणि रुंद टोक पाठीकडचे. कताना धार वर करून कमरेला लावली जात असल्यामुळे त्सुबा पाहताना आणि मांडताना निमुळते टोक वर ठेवण्याचा प्रघात आहे. मुठीकडे येणारी बाजू ही दर्शनी बाजू असते, कारण तलवार कमरेला असताना समोरच्या माणसाला तीच दिसते. मुख्य चित्र बहुधा याच बाजूला असते आणि मागच्या बाजूला त्याचाच उरलेला, शांत भाग येतो. चांगल्या कारागिराने मागच्या बाजूकडे दुर्लक्ष केलेले नसते, त्यामुळे ती बाजू आवर्जून पाहावी.

मधला भाग

मधल्या छिद्राला नाकागो-आना म्हणतात. पात्याचा मुठीत जाणारा भाग यातून आरपार जातो. त्याभोवतीच्या लांबट गोल सपाट जागेला सेप्पा-दाई असे नाव आहे, कारण तिच्यावर दोन्ही बाजूंनी सेप्पा, म्हणजे पातळ वॉशर, दाबून बसतात. तलवारीवर वापरल्या गेलेल्या त्सुबेच्या या जागेवर वॉशरच्या कडेचा पुसट ठसा असतो, आणि त्या ठशाच्या आतला रंग बाहेरच्या रंगापेक्षा किंचित वेगळा दिसतो. नक्कल करणारे लोक चित्रावर मेहनत घेतात, पण या ठशाचा विचार सहसा करत नाहीत, म्हणून भिंग सर्वप्रथम इथे लावावे.

छिद्राच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पुष्कळदा तांब्याचे लहान तुकडे ठोकून बसवलेले आढळतात. त्यांना सेकिगाने म्हणतात. एकाच त्सुबेला वेगवेगळ्या पात्यांवर बसवताना छिद्र घट्ट करण्यासाठी ते लागत, शिवाय मऊ तांब्यामुळे पात्याच्या लोखंडावर ओरखडा येत नसे. छिद्राच्या कडेला छिन्नीचे टोचे दिसले, तर तेही छिद्र आवळण्यासाठीच मारलेले असतात. या खुणांना दोष मानू नये, कारण ही चकती खरोखर एखाद्या तलवारीवर, कदाचित एकापाठोपाठ अनेक तलवारींवर, बसली होती याचा त्या पुरावा आहेत.

मधल्या छिद्राच्या बाजूला आणखी एक किंवा दोन छिद्रे असू शकतात. मुठीकडच्या बाजूने पाहताना डावीकडचे, अर्धचंद्रासारखे छिद्र म्यानाच्या खाचेत ठेवायच्या कोझुका या लहान चाकूसाठी असते, तर उजवीकडचे, पाकळ्यांसारख्या बाहेरच्या कडेचे छिद्र कोगाई या केस सारखे करायच्या कांडीसाठी असते. जुन्या त्सुबांना ही छिद्रे नंतरही पाडली गेली आहेत, आणि गरज नसलेली छिद्रे शिशाने किंवा दुसऱ्या धातूने बुजवलेलीही आहेत. छिद्र मूळचे की नंतरचे, हे ठरवायचे असेल तर त्याची कड चित्राला कापत जाते की चित्र त्याला वळसा घालते, हे पाहावे.

लोखंड

लोखंडी त्सुबा वाचायला सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारी. तिचा रंग म्हणजे गंज नव्हे. ठोकून घडवलेल्या लोखंडावर मुद्दाम आणलेला आणि पुढे हातांच्या, कापडाच्या व काळाच्या घासण्याने पक्का झालेला तो थर असतो. चांगल्या त्सुबेवर हा थर गर्द तपकिरी ते काळा, कधी जांभळट छटेचा, आणि ओलसर भासावा इतका सखोल असतो. नवा काळा रंग फासलेल्या लोखंडावर अशी खोली येत नाही. तिरप्या प्रकाशात तो कोरडा, एकसारखा आणि निर्जीव दिसतो.

पृष्ठभागानंतर कडेकडे यावे. काही जुन्या त्सुबांच्या कडेवर बारीक गाठी किंवा उंचवटे हाताला लागतात. यांना तेक्कोत्सु म्हणतात. घडवताना लोखंडात कार्बनचे प्रमाण सर्वत्र सारखे राहिले नाही, तर कठीण भाग मऊ भागापेक्षा कमी झिजतो आणि कालांतराने वर उठून दिसतो. ओवारी प्रांतातल्या, म्हणजे आजच्या नागोया परिसरातल्या, जाळीदार त्सुबांमध्ये या गाठींना फार मान आहे. त्या ओतीव लोखंडात येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

जाळीकामाला सुकाशी म्हणतात आणि ते दोन तऱ्हांनी केले जाते. एका तऱ्हेत भोवतालचा धातू काढून टाकून आकृती धातूची ठेवतात. दुसरीत धातूच्या पत्र्यातून आकृतीच कापून काढतात, त्यामुळे ती रिकाम्या जागेने दिसते. ओवारीचे जाळीकाम भक्कम आणि सममितीकडे झुकणारे, क्योतोचे नाजूक, रेषा बारीक ठेवणारे. एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, मधल्या आकासाका घराण्याचे काम या दोन्हींपासून शिकलेले. कोणतेही असो, कापाच्या आतल्या भिंती पाहिल्याशिवाय मत देऊ नये. हाताने कापलेल्या जाळीत आधी छिद्र पाडून, मग करवतीने आणि कानशीने जागा मोकळी केलेली असते, त्यामुळे भिंतीवर कानशीच्या समांतर रेघा आणि कोपऱ्यांत स्वच्छ तीक्ष्ण वळणे दिसतात.

लोखंडातले दोन कारागीर प्रत्येक अभ्यासकाला माहीत असतात: ओवारीचा नोबुइए आणि क्योतोजवळच्या फुशिमीचा कानेइए. नोबुइएच्या त्सुबेत धातूलाच महत्त्व असते; पृष्ठभागावर वेलबुट्टी किंवा कासवाच्या पाठीची षटकोनी नक्षी हलक्या हाताने कोरलेली, आणि कड भरदार. कानेइएने लोखंडावर शाईच्या चित्रासारखा देखावा आणला: दूरचे डोंगर, होडीतला कोळी, आणि एखाद्या लहानशा जागी सोन्याचा किंवा चांदीचा ठिपका. लोखंडी त्सुबेवर निसर्गचित्र रुजवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. दोघांच्या नावांच्या खोट्या सह्या इतक्या आहेत की, त्यांचे नाव दिसताच सावध व्हावे.

दक्षिणेकडच्या हिगो प्रांतातले लोखंड वेगळ्या वळणाचे आहे. तिथला सरदार होसोकावा तादाओकी हा चहाविधीचा, म्हणजे चहा करून पाहुण्याला देण्याच्या जपानी विधीचा, मोठा जाणकार आणि त्या विधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू याचा शिष्य होता. त्याच्या आश्रयाने हायाशी, हिराता, निशिगाकी आणि शिमिझु ही घराणी नावारूपाला आली, आणि चहाविधीतला संयम त्यांच्या कामात उतरला. हायाशी घराण्याच्या लोखंडाचा गर्द, गुळगुळीत पृष्ठभाग एकदा नीट पाहिला की इतर लोखंड मोजायला हाताशी एक माप येते.

रंगीत मिश्रधातू

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या प्रदीर्घ शांततेच्या काळात, तलवार युद्धापेक्षा दरबारी पोशाखाचा भाग अधिक झाली आणि मऊ धातूंवरच्या कामाला बहर आला. त्यात दोन मिश्रधातू ओळखता आलेच पाहिजेत. शाकुदो हा तांब्यात थोडे सोने, बहुधा ३ ते ५ टक्के, मिसळून केलेला धातू. नुसता ओतला तर तो तांब्यासारखाच दिसतो, पण विशिष्ट द्रावणात उकळल्यावर त्यावर निळसर-जांभळट झाक असलेला गर्द काळा रंग चढतो. शिबुइची तांबे आणि चांदी यांचा असतो. त्यात चांदीचे प्रमाण साधारण चौथा हिस्सा किंवा कमी-जास्त असते, आणि त्यावर करड्या, राखी छटा येतात.

रंग आणण्याची प्रक्रिया समजून घेतली की निगा कशी राखावी हेही समजते. वस्तू आधी कोळशाच्या भुकटीने घासून अगदी स्वच्छ करतात, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवतात आणि मग रोकुशो नावाचा तांब्याचा क्षार व मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळतात. रंग धातूवर लावलेला नसतो. धातूच्याच वरच्या थराचे रासायनिक रूपांतर होऊन तो तयार होतो, आणि हा थर अतिशय पातळ असतो. पितळ चकाकवण्याच्या पेस्टचा एक हात फिरवला तरी तो निघून जातो आणि खालचे तांबूस रूप उघडे पडते. असा घासलेला शाकुदो उंचवट्यांवर तपकिरी किंवा तांबडा दिसतो. खरेदीपूर्वी ड्रॅगनच्या नाकाचे टोक, फुलाच्या पाकळीची कड, अशा उंच जागा याच कारणासाठी तपासाव्यात.

हत्याराच्या खुणा

भिंगाखाली पाहण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे नानाको, माशाच्या गाभोळीसारखी दाणेदार पार्श्वभूमी. पोकळ गोल टोकाची छिन्नी उभी धरून एकेक ठोका मारत हे दाणे उठवले जातात, आणि ते सरळ किंवा कडेला समांतर जाणाऱ्या ओळींत बसवले जातात. भिंगातून एक ओळ शेवटपर्यंत डोळ्यांनी चालून पाहावी. उत्तम कामात प्रत्येक दाणा स्वतंत्र, गोल आणि चमकदार असतो, ओळ वळणावरही तुटत नाही आणि उठावाच्या चित्राच्या पायथ्यापर्यंत दाणे नीट पोहोचतात. कमी प्रतीच्या कामात पायथ्याशी गर्दी होते किंवा जागा मोकळी राहते. ओतीव नकलेत तर दाणे एकमेकांत वितळल्यासारखे मिसळतात.

शाकुदोवरचा नानाको आणि त्यावर सोन्याचा उठाव, हे गोतो घराण्याचे ओळखचिन्ह. घराण्याचा मूळपुरुष गोतो युजो (१४४०–१५१२) आशिकागा घराण्यातल्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, पदरी होता, आणि पुढच्या पिढ्यांनी एदो काळाच्या अखेरीपर्यंत राज्यकर्त्यांची सेवा केली. ड्रॅगन आणि सिंह हे त्यांचे आवडते विषय. त्यांची परंपरा जितकी भव्य तितकीच बंदिस्त होती. तिच्या चौकटीबाहेर पडून योकोया सोमिन (१६७०–१७३३) याने शहरी गिऱ्हाइकांसाठी काम सुरू केले आणि काताकिरी ही कोरीव रेषा नावारूपाला आणली. छिन्नी तिरपी धरून रेषेची एक भिंत उभी आणि दुसरी उतरती ठेवतात. रुंदी आणि खोली बदलत गेल्यामुळे कुंचल्याच्या फटकाऱ्याचा भास होतो. ही रेषा एकदा चुकली की दुरुस्त करता येत नाही. दुबळ्या हाताची काताकिरी थांबत थांबत गेलेली, अडखळलेली दिसते. समर्थ हाताची रेषा जिथे संपते तिथे तिचे टोक धारदार असते.

जडावाचे प्रकार अनेक असले तरी दोन ओळखता आले की पुष्कळ झाले. पहिल्यात पृष्ठभागात खाच कोरून, तिची तळाची कड आतून रुंद करून, तिच्यात सोन्या-चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. दुसऱ्यात, ज्याला नुनोमे-झोगान म्हणतात, लोखंडावर कापडाच्या विणीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरतात आणि सोन्याचे पातळ पान त्यावर ठोकतात. रेघांचे खरखरीत दात ते पान धरून ठेवतात. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठींवर दिसणारी कोफ्तगिरी याच तत्त्वावर चालते, त्यामुळे मराठा किंवा राजपूत शस्त्रे जवळून पाहिलेल्या वाचकाला झिजलेल्या सोन्याखाली दिसणारी ती रेघांची जाळी लगेच ओळखू येईल. झीज असली तरी नवे सोने चढवून घेऊ नये.

सही

सही बहुधा सेप्पा-दाईवर, मधल्या छिद्राच्या बाजूला उभी कोरलेली असते. अनेक उत्तम जुन्या त्सुबांवर सहीच नसते, आणि म्हणून सही नाही या कारणासाठी एखादी त्सुबा नाकारणे हा मोठा तोटा ठरतो. सही असेल तर काम आणि नाव यांचा मेळ बसतो का, हे पाहावे: लोखंड कमकुवत असताना सही मोठ्या नावाची असेल, तर विश्वास लोखंडावर ठेवावा. अक्षर वाचता येत नसले तरी छिन्नीचे ठोके पाहता येतात. सहीच्या खाचांतला रंग भोवतालच्या रंगाइतकाच जुना दिसला पाहिजे.

ओतीव नकला आणि निर्यातीचा माल

मार्च १८७६ मध्ये, एदो काळ संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार लावण्यास मनाई केली आणि त्सुबा घडवणाऱ्यांचे गिऱ्हाईक जवळपास एका रात्रीत नाहीसे झाले. कानो नात्सुओसारखा (१८२८–१८९८) श्रेष्ठ कारागीर नव्या सरकारच्या टांकसाळीतल्या नाण्यांच्या कामी आला. अनेकांनी फुलदाण्या आणि धूपदान्या केल्या. काहींनी परदेशी प्रवाशांसाठी भडक, भरगच्च त्सुबा बनवल्या. अशा त्सुबा हाताने केलेल्या असल्या तरी तलवारीवर कधी बसलेल्या नसतात. मधला भाग फुगीर असणे, उठाव मुठीला अडेल इतका उंच असणे, ही त्यांची लक्षणे.

ओतीव नक्कल ओळखायला अवघड नाही, फक्त घाई टाळावी. जाळीच्या आतल्या भिंतीवर मधोमध जाणारी साच्याची रेघ, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे, गोलसर झालेले कोपरे आणि दोन्ही बाजूंना अगदी एकसारखा पोत, यांपैकी दोन खुणा मिळाल्या तरी पुरे. त्सुबा दोऱ्याला टांगून लाकडी काडीने हलकेच वाजवण्याची पद्धत जुनी आहे. घडीव लोखंड बराच वेळ निनादते. मात्र जाळीचा आकार आणि बुजवलेली छिद्रे यांमुळे नाद बदलतो, त्यामुळे एवढ्यावर निर्णय देऊ नये.

निगा

नियम एकच: शंका असेल तर काहीही करू नये. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढण्याचे द्रव, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर यांपैकी काहीही त्सुबेजवळ आणू नये. मऊ धातूच्या त्सुबेवरची धूळ मऊ ब्रशने उडवावी आणि तिथेच थांबावे. लोखंडी त्सुबेवर नारिंगी, भुकटी सुटणारा ताजा गंज असेल, तर त्या जागेवर हलक्या खनिज तेलाचा थेंब लावून काही दिवस ठेवावा आणि मग लोखंडापेक्षा मऊ अशा टोकाने तो संयमाने खरवडावा. जपानमध्ये यासाठी हरणाचे शिंग वापरतात. भारतात हरणाची शिंगे बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून म्हशीच्या हाडाचा किंवा बांबूचा तासलेला तुकडा घ्यावा. तेल नंतर पूर्ण पुसून टाकावे, आणि पुढे स्वच्छ जुन्या सुती कापडाने अधूनमधून घासत राहावे. काम महिनोन्‌महिने चालले तरी हरकत नाही.

साठवणीला जपानमध्ये किरी या हलक्या लाकडाची पेटी वापरतात, आत कापसाची गादी असते. मुंबई किंवा कोकणात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात पेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी वाळवाव्यात. रबर आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून रबरबँड किंवा लोकरीचे कापड आत नसावे.

विकत घेताना

विकत घेण्यापूर्वी शेकडो अस्सल त्सुबा पाहाव्यात. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, बोस्टनचे ललित कला संग्रहालय आणि तोक्योचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर उत्तम छायाचित्रे मोफत पाहायला मिळतात. तोक्योच्या र्‍योगोकु भागात जपानी तलवार संग्रहालय आहे. ते चालवणारी, १९४८ साली स्थापन झालेली तलवार जतन संस्था त्सुबा तपासून प्रमाणपत्रही देते. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा त्याच्या चढत्या श्रेणी आहेत. प्रमाणपत्रावरचे छायाचित्र हातातल्या त्सुबेशी छिद्रांसकट ताडून पाहावे. भारतात त्सुबा आणल्यास खरेदीची पावती आणि आयातीचे कागद कायम जपावेत, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि वस्तू बाहेरून आली होती हे दाखवण्याची वेळ पुढे कधीही येऊ शकते.